मिठाची मूठ

मामाजींचा हात भाजीच्या गंजावर, त्या मोठ्या पातेल्यावर, थांबला. मुठीत मीठ होतं, खाली वांग्याची भाजी रटरटत होती, आणि तो हात पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता.

मी समोरच विळीवर सांभार चिरत बसले होते. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तो वरून पडल्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत. माझी विळी चालू होती, नजर मात्र त्या मुठीवर होती.

मामाजी म्हणजे माझे सासरे, पुंजाजी वाढई. स्वयंपाकाला उभे राहिले की ते तोंडाला पांढरं फडकं बांधत, नाकापासून हनुवटीपर्यंत. वर दिसायचे ते फक्त डोळे. ते आधी मुठीकडे गेले, मग गंजाकडे, मग माझ्याकडे. माझ्यावर जरा जास्तच वेळ थांबले. मग त्यांनी मूठ मिठाच्या परातीत परत रिकामी केली, हात धोतराला पुसला आणि पलीकडे रोडगे भाजत होते तिकडे चालते झाले.

घडलं ते एवढंच. पण पुंजाजी वाढई भाजीत मीठ टाकलं की नाही हे विसरले होते, आणि जमलेल्या साऱ्या गावात हे फक्त मला कळलं होतं.

बोरटाकळीच्या मारोतीचे रोडगे चैत्री पौर्णिमेला असतात. घरोघरून गहू यायचे, मळ्यांतून वांगी यायची, आणि विस्तव, गंज व हात आमच्या मामाजींचे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, त्या निखाऱ्याला आम्ही जगरा म्हणतो. राख झटकून रोडगा फोडायचा, तूप सोडायचं, वर वांग्याची भाजी. गावचा असो, वाटसरू असो, जो पंगतीत बसेल तो जेवेल. मामाजी स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायचे आणि तोवर पाण्याचा घोटही घेत नसत.

धंद्यानं ते सुतार. बैलांच्या बंड्या करायचे, नांगर करायचे, आणि गावात कोणाकडे पहिलं मूल झालं की न सांगता पाळणा करून द्यायचे. त्याचे काही घेत नसत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "लाकूड मारोतीच्या बाभळीचं हाय, माहं काही नाही." मारोतीच्या देवळाजवळ पिंपळ होता, पार होता, विहीर होती. बाभूळ नव्हती. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं, पण मामाजी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की मोठी माणसं मान डोलवून पाळणा घेऊन जायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माणसांची जमा आणि खर्च मनातल्या मनात मांडत असते, तो माझा स्वभाव आहे. मामाजींच्या बाबतीत खर्चाची बाजू भरलेली दिसायची आणि जमेला सगळीकडे मारोती.

रोडग्यांच्या स्वयंपाकाचा एकच कायदा होता. देवाच्या आधी कोणाच्या जिभेला काही लागायचं नाही. चाखायचं नाही, वास घेऊन "वा" म्हणायचं नाही, भाजी चिरताना बायांनी सुपारीसुद्धा चघळायची नाही. कायद्याच्या फौजदार माझ्या सासूबाई. त्या आमच्या तोंडांकडे लक्ष ठेवून बसायच्या. आणि पंगत पूर्ण वाढून झाल्यावर मगच नैवेद्य, आरती आणि पहिला घास, अशी रीत. म्हणजे भाजीत काही चुकलंच, तर ते कळायचं तेव्हा भाजी साऱ्या गावाच्या पत्रावळींवर पडलेली असायची.

आदल्या वर्षी नेमकं तसंच झालं होतं. भाजी खारट झाली. दोनदा मीठ पडलं असणार. आमच्या गावची माणसं सोशीक, पंगतीतून कोणी उठलं नाही. पण पाणी वाढणाऱ्यांचे हात दुखून आले. एक म्हातारी वाढप्याला म्हणाली, "बाबू, पाणी वाढ अन् त्यात थोडी भाजी टाक." लोक हसले. मामाजींनी ते ऐकलं. शेवटच्या पंगतीत बसून त्यांनी आपल्या वाट्याची ती भाजी पुसून खाल्ली, घरी आले आणि दिवस मावळेपर्यंत एकाच फळीवर रंधा मारत राहिले. त्या फळीचं पुढे काही झालं नाही. मारून मारून ती कशाच्याच कामाची उरली नव्हती.

म्हणून या वर्षी गंजापासून चार हातांवर बाज टाकून त्र्यंबकराव बसले होते.

त्र्यंबकराव गावंडे हे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. तालुक्याला नोकरी करून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, भरघोस मिशा, आणि प्रत्येक गोष्टीत सुधारणा करायची हौस. मामाजींच्या बरोबरीचे, लहानपणी एकत्र ढोरं चारलेले, पण अध्यक्ष झाल्यापासून ते सगळ्यांशी कागद वाचल्यासारखे बोलत.

"पुंजाजी," सकाळीच सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "मी काही तुमच्या विरोधात नाही. पण वय कोणाले सुटलं? या वर्षी पाहू. जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून अकोटचा केटरर. टेबल, खुर्च्या, बुफे. पनीर."

"मारोतीले पनीर?" सासूबाईंनी विचारलं.

"मारोती कुठं नाही म्हनते वहिनी?"

"तो हो तरी कुठं म्हनते?"

मामाजींनी फडकं बांधलं आणि विस्तव सारखा करू लागले. पण त्यांच्या हातातली गोवरी दोनदा खाली पडली. ते पाहिल्यापासून मी त्यांच्या समोरची जागा सोडली नव्हती.

आणि आता ही मूठ.

भाजीत मीठ होतं की नव्हतं? नसेल आणि टाकलं नाही तर अळणी. असेल आणि मी टाकलं तर पुन्हा खारट. दोन्हीकडून अकोटचा केटरर. कळायचा मार्ग एकच होता, आणि तो सासूबाईंच्या नाकासमोरून जात होता.

मी सांभाराची थाळी उचलली. सासूबाई पाठ करून पत्रावळींची धूळ झटकत होत्या. त्र्यंबकरावांची बाज रिकामी होती, ते कुठे गेले हे मला ठाऊक होतं, ते पुढे सांगते. मी गंजाशी वाकले, भाजी हलवायचा मोठा डाव उचलला, त्याचं टोक तळहातावर टेकवलं आणि तळहात तोंडाला लावला.

चव कळायच्या आधी आग कळली. जीभ अशी पोळली की डोळ्यांतून पाणी आलं. मीठ, तिखट, वांगं, काही नाही, नुसता विस्तव.

"काय झालं वं?" सासूबाई वळल्या.

"धूर," मी म्हटलं. ते "धूल" असं काहीसं निघालं.

"मग फडकं बांध. तुह्या सासऱ्यानं काय वेड्यानं बांधलं?"

मी मान हलवली आणि परत विळीवर जाऊन बसले. आता पंचाईत दुप्पट झाली होती. कायदा तर मोडला होता, आणि मोडून हाती काही लागलं नव्हतं. माझी जीभ दिवसभरासाठी गेली. दुसरी जीभ पाहिजे होती.

मी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. सासूबाई? त्यांना नुसतं विचारलं असतं तरी त्यांनी गंज ओतून नवा स्वयंपाक मांडला असता. माझा नवरा प्रल्हाद? त्याला काही गुपित सांगितलं की त्याचे कान लाल होतात, सगळं गाव विचारायला येतं. शेजारच्या बाया? त्यांच्या जिभा चव घेण्यापेक्षा इतर कामात तरबेज. हवा होता असा माणूस, ज्याला चव कळते आणि जो मरेपर्यंत तोंड उघडणार नाही.

मग मला रिकामी बाज आठवली.

आदल्या वर्षी आरतीला मी त्र्यंबकरावांच्या शेजारच्या रांगेत उभी होते. सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. मी आरतीत डोळे मिटत नाही, बघण्यासारखं पुष्कळ असतं. आणि मला दिसलं होतं की अध्यक्षांच्या मिशीला राख लागलेली आहे. गोवरीची, पांढरी, रोडग्याची राख. आरतीच्या आधी.

मी पळसाच्या द्रोणात थोडी भाजी घेतली, वर सांभार टाकला आणि पाराला वळसा घातला. जाताना देवळाच्या पायरीवर केळीच्या पानानं झाकलेलं पितळेचं भगुणं दिसलं. मामाजींनी मघाशी केव्हा तरी तिथे नेऊन ठेवलं होतं. तूप असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पाराच्या मागे, पिंपळाच्या बुंध्याला टेकून, टोपी मांडीवर काढून ठेवून त्र्यंबकराव रोडगा खात होते. कोरडा. घास घशाशी अडकला होता आणि ते डोळे मोठे करून तो खाली ढकलत होते.

"काकाजी," मी म्हटलं, "कोरडाच खाता जी?"

त्यांना असा ठसका लागला की मला वाटलं आता मीठ राहिलं बाजूला, माणूस जातो. मी पारावरचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी आधी टोपी डोक्यावर घातली. टोपी घातल्यावर त्यांना थोडा धीर आला.

"शुगर हाय माही," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं, वेळेवर काही पोटात गेलं पाहिजे. नाहीतर चक्कर येते. गावासमोर पडलो तर बरं दिसन काय?"

"नाही दिसणार."

"रोडगा इथं पारामागं पडलेलाच होता. कोणाचा तरी राहिला असन. म्हटलं, वाया कायले जाऊ द्या."

"बरोबर हाय. म्हणूनच तर भाजी आणली."

त्यांनी द्रोणाकडे पाहिलं, मग देवळाकडे, मग पुन्हा द्रोणाकडे. वांग्याची वाफ त्यांच्या मिशीत शिरत होती.

"देवाचं व्हायचं हाय, सूनबाई."

"तुमच्या प्रकृतीपुढे देव काही हट्ट धरणार नाही. शिवाय काकाजी, तुम्ही अध्यक्ष. भाजी कशी झाली हे तुम्ही नाही तपासणार तर कोण तपासणार?"

तपासणी हा शब्द त्यांना लागू पडला. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी रोडग्याचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मग कपाळाला आठी पडली.

"मिठाचं नाव नाही यात."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे टाकलंच नव्हतं. "थांबा हं काकाजी," म्हणून मी परत गेले, सांभाराच्या थाळीत खाली दोन मुठी मीठ घातलं, वर सांभार पसरला आणि गंजाशी जाऊन उभी राहिले. मामाजी जगऱ्याकडून परत आले होते.

"मामाजी, सांभार टाकू?"

"टाक."

मी टाकला. त्यांनी डाव फिरवला. मी पुन्हा द्रोण भरला, तो पदराखाली धरला आणि पाराला वळसा घातला.

"आता पाहा जी."

त्र्यंबकराव तयार बसले होते. या वेळी देवळाकडे न बघता त्यांनी तुकडा बुडवला. "येऊ लागलं. पण अजून पाहिजे. वांगं मीठ लय ओढते."

मी परत गेले. "मामाजी, थोडा सांभार राहिला होता."

फडक्याच्या वरचे डोळे धुरानं लाल झाले होते. "किती सांभार हाय वं तुह्याजवळ?"

"हा शेवटचा."

"टाक."

तिसऱ्या द्रोणाला त्र्यंबकरावांनी सावकाश न्याय दिला. दुसरा रोडगाही त्यांच्या हातात होता, तो कुठून आला हे मी विचारलं नाही. शेवटी त्यांनी बोट चाटलं आणि एखाद्या अर्जावर सही करावी तसं म्हणाले, "आता बरोबर. आता एक खडाही टाकू नका."

मग त्यांचं बोट तोंडाशीच थांबलं. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात येत होतं, हळूहळू, पायाकडून वर. कमिटीचा अध्यक्ष, मारोतीच्या आधी, एकदा नव्हे तर तीनदा जेवला होता. आणि ज्या स्वयंपाकाची चूक पकडायला तो आला होता, तो स्वयंपाक त्यानं स्वतःच दुरुस्त केला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे कोणाले..."

"काय, काकाजी?"

"काही नाही."

"मिशीले राख हाय जी तुमच्या," मी म्हटलं आणि द्रोण उचलून निघाले.

पंगत बसली. ओळीनं पत्रावळी, रोडगे फुटले, तुपाची धार फिरली, भाजी पडली. मामाजी ते पितळेचं भगुणं घेऊन गाभाऱ्यात गेले, नैवेद्य झाला, आरती झाली. या वर्षी मी डोळे मिटले होते. मला मारोतीकडे काही मागायचं होतं. त्र्यंबकरावांचे डोळे मात्र उघडे होते, ते सारखे मिशी पुसत होते.

आरती संपली. साऱ्या गावाचा पहिला घास हातात होता आणि सारं गाव अध्यक्षांकडे बघत होतं. मामाजी देवळाच्या पायरीवर उभे होते. फडकं सोडून त्यांनी हातात घेतलं होतं आणि त्याची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

त्र्यंबकराव उभे राहिले. घसा साफ केला.

"भाजी बरोबर झाली आहे," ते म्हणाले. "मीठ तर अगदी पाहिजे तितकंच. कमिटीच्या वतीनं मी सांगतो, पुढच्या वर्षीही रोडगे पुंजाजींच्याच हातचे. केटररचा विषय संपला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला लागले. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त सासूबाई वाढता वाढता थबकल्या.

"भाऊजी, तुम्ही तर अजून घासबी नाही घेतला. मीठ कसं समजलं?"

"रंगावरून," त्र्यंबकराव म्हणाले आणि ताबडतोब खाली बसले. त्या दुपारी ते फारसे जेवले नाहीत. लोक म्हणाले, अध्यक्षांचा आहार कमी झाला, प्रकृती जपतात.

उन्हं कलल्यावर पंगती उठल्या, मामाजी जेवले, आम्ही गंज राखेनं घासायला घेतला. माझी जीभ एव्हाना थोडी जागी झाली होती. नैवेद्याचं ताट गाभाऱ्यातून परत आलं, सासूबाईंनी या वर्षी पहिल्यांदा त्यातला वाटा माझ्या हातावर ठेवला. मी तोंडात टाकला आणि थांबले.

अळणी. मिठाचा खडाही नाही.

जिभेचा दोष असेल म्हणून पंगतीतली उरलेली भाजी चाखून पाहिली. ती चोख होती. पुन्हा नैवेद्य चाखला. अळणी.

"आई, देवाची भाजी..."

"अळणीच असते," सासूबाई शांतपणे गंज घासत म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवापासून अळणी. तुह्या सासऱ्याले विचार. मी कधी विचारलं नाही, मले वाटलं मारोतीचं पथ्य असन."

मामाजी विहिरीच्या काठावर पाय धूत बसले होते. मी जाऊन उभी राहिले. कसं विचारावं हे ठरवत होते, तोच ते म्हणाले, "त्र्यंबकनं दोन्ही खाल्ले का एकच?"

"कोणी? काय?"

"रोडगे. पारामागं दोन ठेवले होते. दरवर्षी ठेवतो. त्याले शुगर झाली तवापासून."

मी खालीच बसले. "अन् काकाजीले वाटते, कोणाचा तरी राहिला."

"वाटू दे. मागून खाणं त्याच्यानं होत नाही, लहानपणापासून नाही. चोरून खाल्लं तर त्याले चालते." त्यांनी पायावर तांब्या ओतला. "भाजी आपण नाही ठेवत. भाजी या वर्षी पहिल्यांदा भेटली त्याले. खुशीत होता."

म्हणजे सगळं पाहिलं होतं. सांभार, पदर, पारामागच्या फेऱ्या.

"पण मामाजी, कायदा? देवाच्या आधी कोणी..."

"देवाच्या आधी कोण जेवलं?" त्यांनी मान वर केली. "मीठ पडायच्या आधी मी देवाचं काढून घेतो. मीठ पडेपर्यंत ते त्याचं. मीठ पडलं का माणसांचं. मग कोणी आधी खाओ, कोणी मागून. पोटुशी बाई असते, लहान लेकरू असते, त्र्यंबकसारखा असते. आरतीपर्यंत थांबा कोणाकोणाले म्हनू?"

"अन् देवाले अळणी?"

"तो काही म्हनते काय? त्याले केटरर थोडाच आणायचा हाय."

मला हसू आलं, पण अजून एक खातं उघडं राहत होतं. "मग तुम्ही फडकं कायले बांधता? सारं गाव म्हनते, वास लागू नये म्हणून."

"धुरानं खोकला येते मले."

"अन् चाखत का नाही?"

"माहा उपास असते. तो माहा. बाकीच्यांनी सुपारी चघळू नये असं मी कधी म्हनलं? ते तुह्या सासूनं म्हनलं. एकदा म्हनल्यावर मी तिले नाही म्हनत नाही. तुले तर माहीत हाय."

विहिरीवर कोणी नव्हतं. त्यांनी पाय पुसले, वहाणा सरकवल्या, पण उठले नाहीत. थोड्या वेळानं खाली बघतच म्हणाले, "मीठ मात्र खरंच नाही आठवलं, बाई. मूठ भरली अन् हात थांबला. टाकलं का टाकायचं हाय, काही समजेना. मागल्या वर्षीही तसंच झालं होतं. तवा समोर कोणी नव्हतं, म्हणून भाजीत टाकून दिलं." ते थांबले. "या वर्षी तू बसली होती. म्हणून मूठ जरा धरून ठेवली. तुले दिसेपर्यंत."

ते उठले, रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

"जीभ पोळली नं? रात्री तूप लाव," म्हणाले, आणि बंडीकडे गेले.

त्यानंतर जितकी वर्षं मामाजी गंजाशी उभे राहिले तितकी वर्षं मी समोर सांभार चिरायला बसले. मूठ थांबायची, डोळे वर यायचे. मी मान हलवायची, कधी उभी, कधी आडवी. शंका असली तर द्रोण भरून पाराला वळसा. त्र्यंबकराव टोपी काढून वाट बघत असायचे. आम्ही तिघंही याबद्दल कधी बोललो नाही, आणि बोरटाकळीची भाजी पंचक्रोशीत नावाजली गेली.

मामाजी गेले त्या हिवाळ्यानंतरच्या चैत्रात प्रश्न आला की गंजाशी कोण. प्रल्हादला मीठ आणि साखर दिसायला सारखीच. कमिटीची बैठक झाली. मला वाटलं, आता अकोटवाल्याची पाळी. पण त्र्यंबकराव, आता काठी घेऊन चालणारे, उठून म्हणाले, "पुंजाजीच्या सूनबाई करतील." बाईमाणूस कशी, असं कोणी तरी म्हणालं. "कमिटीनं तपासणी केलेली हाय," ते म्हणाले. कधी केली हे कोणी विचारलं नाही.

मी मामाजींचं फडकं बांधलं. धुरानं मलाही खोकला येतो. रोडगे जगऱ्यात पुरले, वांगी शिजत आली. तेवढ्यात काठीचा आवाज आला. त्र्यंबकराव पारामागून नव्हे तर सरळ पुढून, साऱ्या गावाच्या देखत, रिकामा द्रोण हातात घेऊन येत होते. सासूबाईंनी ते पाहिलं. पाहून त्यांनी पाठ फिरवली आणि पत्रावळींची धूळ झटकू लागल्या. पत्रावळींना धूळ नव्हती.

"आण, पाहू दे," ते म्हणाले.

"थांबा जी, काकाजी," मी म्हटलं. "अजून देवाचं हाय."

पितळेचं भगुणं भरून घेतलं, केळीचं पान झाकलं, पायरीवर नेऊन ठेवलं. मग येऊन मिठाची मूठ भरली.